औक्षणाआधीचा अर्धा तास

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही. जे पेटतं त्याला तो जोर देतो. हे वाक्य मी इतक्या लोकांसमोर म्हटलंय की ते म्हणताना माझा आवाज आपोआप एक पट्टी खाली उतरतो. मी भूलतज्ज्ञ आहे. मी मुळात बोलका माणूस नाही. भूल देणारे बहुतेक असेच, आमचे पेशंट झोपलेले असतात. तरी थिएटरमध्ये नव्यानं आलेल्या नर्सेसना आणि ज्युनिअर डॉक्टरांना आगीबद्दल शिकवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. सिलिंडर हाताळताना हाताला क्रीम नको, तेल नको. नळी चालू ठेवून पलंगावर टाकायची नाही. चादर ऑक्सिजन पिते आणि ठिणगीची वाट बघत पडून राहते. बंद केल्यावरही निदान अर्धा तास ज्वाला जवळ आणायची नाही, कारण कपड्यांच्या घड्यांत आणि केसांत तो अडकलेला असतो.

पुढे हेच मी मराठीतून सांगायला लागलो. इथं लंडनमध्ये, हॅरोजवळच्या एका हॉलमध्ये आपली ज्येष्ठ मंडळी जमतात, चहा होतो, भजन होतं, अधूनमधून कुणीतरी डॉक्टर येऊन गुडघ्यांवर नाहीतर साखरेवर बोलतो. घरी ऑक्सिजन घेणारे दोघेतिघे त्यात असायचेच. त्यांच्यासाठी मी एक उदाहरण द्यायचो. "माझ्या माहितीतल्या एका घरात," मी म्हणायचो, "ओवाळताना एका नातेवाईक बाईंनी निरांजन जरा जास्तच जवळ नेलं. शाल पेटली." मंडळी चुकचुकायची. मी पुढच्या मुद्द्यावर जायचो.

ते घर माझं. पेटली ती माझी आई. ती बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. आणि निरांजन जवळ गेलंच नव्हतं.

वडील गेल्यावर आई पुण्याहून आमच्याकडे स्टॅनमोरला आली. तिची फुप्फुसं आकसत चालली होती. हळूहळू, कुणाच्या नकळत एखादा स्वेटर धुण्यात आटावा तशी. आधी जिना चढताना थांबायची, मग बोलताना थांबायला लागली, मग घरी यंत्र आलं. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं ते यंत्र आम्ही वरच्या पॅसेजमध्ये ठेवलं. त्याची लांब नळी जिन्यावरून खाली यायची. दिवसरात्र ते घुमायचं. आई त्याला म्हैस म्हणायची. "बघ, रवंथ चाललंय तुझ्या म्हशीचं," आणि मग स्वतःच्या नाकातल्या नळीला हात लावून, "रवंथ ती करते आणि दाव्याला मी!"

यंत्र आलं त्या दिवशी मी घराचे नियम बदलले. समई माळ्यावर गेली. देवापुढे बॅटरीवरचा दिवा आला. स्वयंपाकघरात गॅस चालू असताना आईनं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. हे तिला सगळ्यात लागलं. आयुष्यभर जिनं दुसऱ्याच्या हातची फोडणी खाल्ली नाही, ती पॅसेजमध्ये खुर्ची टाकून माझ्या बायकोला ओरडून सांगायची, "अगं, मोहरी तडतडू दे, घाई काय आहे?" नाकाच्या आत कोरडं पडायचं म्हणून ती व्हॅसलीन लावायची. मी डबी काढून घेतली आणि पाण्यात बनवलेलं जेल दिलं. केसांचं खोबरेल तेल काढून घेतलं. ती म्हणाली, "नवरा गेला तेव्हासुद्धा एवढं काढून घेतलं नव्हतं कुणी."

बॅटरीच्या दिव्याबद्दल मात्र एकदाच बोलली. "सेल संपला की देव झोपला," म्हणाली आणि हात जोडले.

मग तिची पंचाहत्तरी आली.

पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायची पद्धत आमच्याकडे आहे. तिच्या सासूला, म्हणजे माझ्या आजीला, तिनंच ओवाळलं होतं. कणकेचे दिवे, तुपाच्या वाती, मोठी परात. ते तिनं आम्हाला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलं होतं की त्या परातीची धग मला न बघता माहीत होती. मी फोनवर बहिणीला सांगितलं की यातलं काही होणार नाही. ती ब्रिस्टलला असते. विमानांचे भाग तपासणाऱ्या विभागात इंजिनिअर आहे. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आणि तेव्हा माझ्यापेक्षा बरीच मोकळी.

"दादा, ती मागतेय काय रे? सोनं नाही मागत."

"ज्वाला मागतेय. तिच्या नाकात ऑक्सिजन आहे."

"मग थोडा वेळ काढू. तूच म्हणतोस ना, बंद करून अर्धा तास थांबलं की चालतं?"

"चालतं असं नाही. धोका कमी होतो."

"मग कमी करू. तू डिझाइन कर, मी फॉलो करते. पण पंचाहत्तरीला बॅटरी नको, प्लीज. आई हसून घेईल आणि आतून रडेल."

खरं उत्तर होतं, नाही. आज कुणी विचारलं तर मी नाहीच म्हणेन. पण फोन ठेवला तेव्हा आई पॅसेजमधल्या खुर्चीवरून माझ्याकडे बघत होती. काही विचारत नव्हती. मी बेत आखला. पाहुणे यायच्या सुमारास आईची नळी काढायची, यंत्र बंद करायचं, वरच्या खोलीच्या खिडक्या उघडायच्या आणि अर्धा तास तिथंच बसायचं. अंगावर सुती साडी. मग तिला खाली आणायचं, एकाच निरांजनानं ओवाळायचं, निरांजन बाहेर न्यायचं, आणि त्यानंतरच पुन्हा ऑक्सिजन. कणकेचे पंचाहत्तर दिवे बागेतल्या टेबलावर लावायचे. आईनं ते काचेच्या दारातून बघायचे. बहिणीला तो बेत फार आवडला. "आमच्याकडच्यासारखा आहे," म्हणाली. "फक्त आमच्याकडे एकानं बोल्ट आवळला की दुसऱ्यानं तो तपासायचा असतो. सही करून."

"इथं दुसरं कोण आहे?" मी म्हणालो. ती हसली.

ऑक्टोबरमधला रविवार होता. दुपारचं ऊन, पण अंगाला न लागणारं. बहीण आदल्या दिवशीच आली होती, नवरा आणि मुलीला घेऊन. सकाळपासून ती आणि भाची कणीक मळत बसल्या होत्या. भाचीला दिव्याची चोच काढता येत नव्हती, आई लांबून म्हणत होती, "अगं तो दिवा आहे की बदक?" चारपाच घरांतली माणसं आली. एजवेअरहून एका बाईंनी पुरणपोळ्या आणल्या होत्या. कुणीतरी बागेत वाती पेटवत होतं आणि वारा त्या विझवत होता.

मी वर आईजवळ होतो. नळी काढली, यंत्र बंद केलं. ते घुमायचं थांबलं तेव्हा घर इतकं शांत झालं की आई म्हणाली, "गेली बाई म्हैस." सुरुवातीला ती बरी होती. सासूच्या पंचाहत्तरीची हकिकत पुन्हा सांगायला लागली. मग वाक्यं तुटायला लागली. मग ती नुसतीच बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. मी घड्याळाकडे बघत होतो आणि तिच्या ओठांकडे. अर्धा तास झाला तसा तिला घेऊन खाली निघालो आणि जिन्याच्या मध्यावर ती थांबली. ओठ जांभळे झाले होते.

जिन्याखाली माझी अभ्यासाची खोली आहे. मी तिला तिथं नेलं. हॉस्पिटलला न्यायची व्हीलचेअर तिथंच उभी असायची आणि तिच्या पाठीला, कापडी पिशवीत, प्रवासातला लहान सिलिंडर. मी दार लोटलं, आईला खुर्चीत बसवलं आणि सिलिंडर उघडून नळी तिच्या नाकाला लावली.

"दोनच मिनिटं, आई. कुणाला बोलू नकोस."

तिला श्वास आला तसं हसू आलं. "चोरून भजी खाल्ल्यासारखं वाटतंय रे."

या क्षणी बाहेर जाऊन सांगायला हवं होतं की अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचा, किंवा ओवाळणं होणार नाही, जेवायला बसा. एवढंच वाक्य. पण बेत माझा होता. सगळ्यांना मी सकाळपासून शिकवत होतो, अमुक लावू नका, तमुक जवळ आणू नका. आता माझाच बेत चुकला हे त्या पुरणपोळ्यांसमोर उभं राहून सांगायचं? बाहेरून बायकोनं हाक मारली, "अहो, आणताय ना? दिवे विझतायत." मी आईच्या नाकातली नळी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. सिलिंडरच्या चावीकडे हात नेल्याचं मला आठवतं. फिरवल्याचं आठवत नाही. वर्षानुवर्षं मी त्या आठवणीत शिरून बघतोय. हात जातो आणि तिथंच चित्र संपतं.

मी खुर्ची ढकलत बाहेर आणली. बायकोनं पंचाहत्तरीची शाल पांघरली, मऊ लोकरीची, खांद्यांवरून मांडीपर्यंत. नळी त्या शालीखाली गेली. काचेच्या दाराबाहेर दिवे होते आणि आई त्यांच्याकडे बघत होती. एवढ्यात बहीण तबक घेऊन आली. आईपासून चांगली लांब थांबली.

"दादा, बंद आहे ना सगळं?"

"हो."

"कधीपासून?"

"झाला अर्धा तास. ठरलं होतं ना."

"त्या मागच्या पिशवीत सिलिंडर आहे ना? मी एकदा बघू?"

"अगं, मी दिवसभर दुसरं काय करतो?" मी म्हणालो. "तू तुझी विमानं बघ."

सगळे हसले. तीही हसली. आमच्या घरात असंच आहे. मी थोरला, त्यात डॉक्टर. दादानं केलंय म्हणजे झालंय. तिच्या नोकरीत कुणी असं म्हटलं असतं तर तिनं काम थांबवलं असतं. पण ते ऑफिस होतं आणि इथं मी दादा होतो.

तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली. मग निरांजन. नेहमीपेक्षा लांबच धरलं होतं तिनं. मी समोर होतो, मी सांगू शकतो. पहिला फेरा झाला. दुसरा फेरा खाली आला तेव्हा ज्योत एकदम वाढली. पांढरी, उंच, जणू कुणी तिला हाक मारली होती. आणि शालीच्या लोकरीवरून निळसर काहीतरी धावलं, गवतावरून वारा जावा तसं. मग ते पिवळं झालं. आवाज झाला, तो मोठ्या कापडाला झटका द्यावा तसा.

बहिणीनं तबक टाकलं. शाल दोन्ही हातांनी धरून ओढली, फेकली, आणि आईच्या गळ्यावर, कपाळाशी पेटलेल्या केसांवर स्वतःचे तळवे दाबून धरले. ओरडली नाही. हात काढलेही नाहीत. मी खुर्चीच्या मागे गेलो. थिएटरमध्ये मी हेच शिकवतो: आधी ऑक्सिजन तोडा. मी पिशवीत हात घातला आणि चावी बंद केली.

म्हणजे ती उघडी होती.

मी सगळ्यांच्या समोर होतो, पण सगळे आईकडे बघत होते. आईची पाठ माझ्याकडे होती. कुणी पाहिलं नाही.

हॉस्पिटलमध्ये भाजलेल्यांच्या विभागातल्या तरुण डॉक्टरनं मला नीट, आदरानं विचारलं, त्या वेळी ऑक्सिजन चालू होता का. मी सांगितलं, नाही, अर्धा तास बंद होता. त्यानं मान डोलावली. मी त्याच्याच पेशातला माणूस होतो. माझा शब्द त्याला पुरला.

कॉरिडॉरमध्ये बहीण बसली होती. दोन्ही हातांना पांढरी बँडेजं, मुठींसारखी. मी तिच्या शेजारी बसलो. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "दादा, मी फार जवळ नेलं का रे?"

याच प्रश्नासाठी मी हे लिहायला बसलोय. बाकी सगळं चूक होती. चुका होतात, त्यांतून शिकता येतं, शिकवता येतं. इथं मला वेळ होता. श्वास घ्यायला, विचार करायला. मी विचार केलाही. हॉस्पिटलमध्ये माझं काय होईल, लोक काय म्हणतील, आगीवर शिकवणारा माणूस, हे सगळं डोक्यातून नीट रांगेनं गेलं. आणि मी म्हणालो, "थोडं गेलं असेल. जाऊ दे आता."

तिनं मान हलवली. जणू तिला ते आधीच माहीत होतं आणि फक्त कुणीतरी दुजोरा द्यायला हवा होता.

आईच्या जखमा भरल्या. हनुवटीखाली कातडी ओढल्यासारखी राहिली, कपाळावरचे केस विरळ उगवले. पण ती घरी आली ती दुसरीच. पॅसेजमधून फोडणीच्या सूचना येईनाशा झाल्या. त्या हिवाळ्यात एकदा मी तिला सूप भरवत होतो, तेव्हा ती म्हणाली, "मांडीला गार लागत होतं."

मी चमचा खाली ठेवला.

"शालीखाली. बारीक फुसफुस चालली होती."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"मला वाटलं असेल तसंच. तू होतास ना." मग दम घेऊन, "तिला सांग हो कधीतरी. मी नाही सांगणार. ते तुझं आहे."

"सांगतो," मी म्हणालो.

थंडी सरायच्या आत ती गेली. तिच्या फुप्फुसांनी गेली, भाजल्यानं नाही. हे मी डॉक्टर म्हणून सांगतो आणि मुलगा म्हणून त्याचा आधार घेत नाही. दहाव्याला बहीण दिव्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी होती. मी काही सांगितलं नाही.

त्यानंतरची वर्षं मी हॉलमध्ये "एक नातेवाईक बाई" म्हणत काढली. सुरुवातीला वाटलं होतं की निदान इतर घरं तरी वाचतील. वाचलीही असतील. पण दर वेळी ते वाक्य म्हणताना मी तिचे हात पुन्हा त्या आगीत घालत होतो, आणि मंडळी टाळ्या वाजवत होती.

बहिणीच्या घरी काय बदललं ते मला दिसत होतं. गॅसची शेगडी जाऊन विजेची आली. भाचीच्या वाढदिवसाच्या केकवर मेणबत्ती नसायची. दिवाळीला खिडकीत विजेची माळ. भाऊबीजेला ती यायची, मला कुंकू लावायची, अक्षता टाकायची, सुपारी फिरवायची, आणि तिथंच थांबायची. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलायचो नाही. मी पाकीट द्यायचो. तबक धरलेल्या तिच्या तळव्यांची कातडी गुळगुळीत होती, पातळ कागद ताणून बसवल्यासारखी.

मग भाचीचं लग्न ठरलं, आणि लग्नाच्या थोडे दिवस आधी तिचा मला फोन आला. तिचं मराठी इथलंच, शाळेत इंग्रजी बोलून घरी आल्यावर जेवढं उरतं तेवढं.

"मामा, आई ऐकत नाही. तो म्हणतो, औक्षण काकू करेल. माझा लग्न आहे ना? मला आई पाहिजे. मी रागावला तर तो म्हणाला, माझ्या हाताला आग लागतो."

"काय म्हणाली?"

"माझ्या हाताला आग लागतो, असा. मामा, तू सांग ना त्याला. तुझा ऐकतो तो."

माझं ऐकते. खरं होतं ते.

मी शनिवारी ब्रिस्टलला गेलो. बहीण स्वयंपाकघरात होती, लग्नाच्या पिशव्या सगळीकडे. नवरा आणि भाची कपडे आणायला गेले होते. तिनं चहा टाकला. मी कोट काढला नाही.

"बस की. असा उभा काय परीक्षेला आल्यासारखा?"

"मला एक सांगायचंय."

"ती बोलली ना तुला? दादा, प्लीज. मी नाही करणार. जाऊ करेल, ती छान करते. मी फोटोत उभी राहीन."

"सिलिंडर चालू होता," मी म्हणालो.

तिला कळलं नाही. साहजिक होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जिन्याचा मध्य, अभ्यासाची खोली, दोन मिनिटं, मांडीवरची नळी, चावी. निरांजन लांबच होतं, हेही सांगितलं. कॉरिडॉरमध्ये मी काय म्हणालो आणि म्हणायच्या आधी मनात काय मोजलं, तेही. सांगताना माझा आवाज थिएटरमधल्यासारखा सपाट झाला होता. त्याची मला लाज वाटत होती, पण दुसरा आवाज माझ्याकडे नव्हता.

चहा उतू गेला. विजेची शेगडी, नुसता जळका वास आला. तिनं ती बंद केली, पुसली, फडकं पिळून नळावर वाळत टाकलं. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुला. मी बघू का म्हणून."

"हो."

"तू म्हणालास, तुझी विमानं बघ."

"हो."

"सगळे हसले होते. मीपण हसले." ती स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती. "पाच वर्षं, दादा. मी माझ्या पोरीच्या केकवर मेणबत्ती लावली नाही. तिला वाटायचं, आईला वाढदिवस आवडत नाही."

तिनं मान वर केली.

"आईला माहीत होतं?"

हा प्रश्न येईल हे मला गाडीतच कळलं होतं. पूर्ण रस्ताभर मी दुसरं काहीतरी उत्तर शोधत होतो. एक खोटं अजून, लहानसं, आणि तिची आई तिच्याजवळ तशीच राहिली असती.

"हो. तिनं मला सांगितलं होतं, तुला सांग म्हणून."

ती खुर्चीवर बसली. "म्हणजे तिनंपण नाही सांगितलं." मग अगदी हळू, "ती जायच्या आधी मी तिचे पाय धरून सॉरी म्हणत होते, दादा. ती नुसती माझ्या केसांवरून हात फिरवत होती. मला वाटलं, माफ केलं." "तुला तिनं वेळ दिला. मला काय दिलं?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. तिनं डोळे पुसले आणि उठली.

"ऐक. मामा म्हणून तू तिला मांडवात आणशील. ते ठरलंय, तिच्यासाठी ते तसंच राहील. माझ्यासाठी काही करायला येऊ नकोस आता. आणि तुझं ते हॉलमधलं भाषण. मला माहितेय तू काय सांगतोस. माझ्या मैत्रिणीची सासू असते तिथं. तिनं मला विचारलं होतं, अगं, कोण गं ती बाई?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, माहीत नाही. तू ते नीट सांगून ये. एकदा तरी."

लग्नाच्या दिवशी दारात ती तबक घेऊन उभी होती. मी भाचीजवळ आत होतो, पण दार दिसत होतं. जावयाच्या फेट्यापासून तिनं निरांजन आधी खूप लांब धरलं. एक फेरा हवेतच गेला. मग तिनं हात थोडा पुढे नेला, थांबली, अजून थोडा नेला. ज्योत हलली नाही. जाऊबाई मागून म्हणाल्या, "बास गं, तीनच!" आणि लोक हसले. ती हसली की नाही ते मला दिसलं नाही. अंतरपाट धरला, मी भाचीला घेऊन गेलो, अक्षता पडल्या. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. त्या वर्षी भाऊबीजेला ती आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. बायकोला फोन करते. माझी चौकशी करते, असं बायको सांगते.

हॉलमध्ये मी लग्नानंतर लवकरच गेलो. ऑक्सिजन पेटत नाही, जे पेटतं त्याला जोर देतो; तेल, क्रीम, चादर, अर्धा तास; सगळं तेच. मग उदाहरणाशी आलो. "हे घर माझं होतं," मी म्हणालो. "माझ्या आईची पंचाहत्तरी होती. आजवर मी तुम्हाला सांगत आलो की ओवाळणाऱ्या बाईंनी निरांजन जवळ नेलं. ते खोटं होतं. ओवाळणारी माझी बहीण. तिनं मला विचारलं होतं, सगळं बंद आहे का, मी बघू का. मी तिला बघू दिलं नाही. सिलिंडर चालू होता. मी चालू ठेवला होता. आग विझवली तिनं, हातांनी."

कुणी चुकचुकलं नाही. मागच्या रांगेत कुणाचा तरी यंत्रवाला श्वास ऐकू येत होता. पुढच्या खुर्चीवर एक आजी होत्या, नाकात नळी, मांडीवर पर्स. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मग डॉक्टर, दिवा लावायचाच नाही का आम्ही?"

"तुम्ही ज्या खोलीत आहात तिथं नाही, आजी. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुणी. तुम्ही लांबून हात जोडा."

"आणि ओवाळायचं झालं तर?"

"तर नाही म्हणायचं."

त्यांनी नाकातली नळी नीट केली. "आणि मुलगा ऐकेना तर? म्हणाला, मी केलंय बंद, तर?"

"तर त्याला बाजूला व्हायला सांगा," मी म्हणालो. "आणि चावी दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. मुलगा डॉक्टर असला तर आधी."